आत्याचं सोवळं आणि आमचा कुत्रा

मुंबईत प्लेग यायच्या दोन-तीन वर्षं आधी आम्ही गिरगावात एका वाडीच्या अगदी टोकाला राहत होतो. घरात मी, बायको आणि मला लहानाचं मोठं केलेली माझी विधवा आत्या. कचेरीतल्या साहेबाच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा त्यातलं एक मी हौसेनं उचलून आणलं. आत्यानं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

तिचं सोवळं कडक होतं. स्वयंपाक आणि पूजा आटपेपर्यंत कोणी शिवायचं नाही, हाकही मारायची नाही. कुत्रा शिवला तर पुन्हा आंघोळ. म्हणून त्याला शिस्त लावायची असं मी ठरवलं. साहेबाच्या परळच्या बंगल्यावर कुत्री सांभाळणारा मालवणकडचा एक म्हातारा होता, त्याला विचारायला गेलो. सांगायचं ते एकाच शब्दात, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. ऐकलं की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्यायचा. त्याला कंटाळा यायच्या आत शिकवणी आवरायची. एवढंच त्यानं सांगितलं. घरी येऊन मी हे बायकोला ऐकवलं, तर ती म्हणाली, इतकी वर्षं मी ऐकतेय, मला कधी तुकडा मिळाला नाही.

चार महिन्यांत कुत्रा तयार झाला. आत्या ओलेत्यानं आत गेली की तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर पुढचे पाय जुळवून बसे. ती बाहेर येईपर्यंत आत पाऊल टाकत नसे, भुंकत नसे. मी कचेरीत ज्याला त्याला हे कौतुक सांगत सुटलो होतो. मला वाटायचं, ही सगळी माझी करामत.

त्या दिवशी बायको माहेरी गेली होती. शेजारचं बिऱ्हाड लग्नाला म्हणून कोकणात गेलेलं. संध्याकाळी मी घरी आलो तर चूल विझलेली आणि आत्या स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी पडलेली. सकाळीच पाय घसरला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, ओठ सुकले होते, आवाज फुटत नव्हता. कुत्रा उंबरठ्याबाहेर नेहमीसारखा बसला होता.

मी तिला पाणी पाजलं. ती कशीबशी म्हणाली, "त्याला बोलावलं रे मी. भुंकला असता तरी कोणी आलं असतं. नाही हलला."

मी मुळातच तापट. ते ऐकलं आणि डोकं फिरलं. ओटीवर गेलो, रोज मारायचो तशी गोड हाक मारली, आणि तो शेपूट हलवत आला तेव्हा छत्रीनं त्याला झोडपला. छत्रीची काडी मोडली तरी मी थांबलो नाही. तो ओरडला नाही, पळालाही नाही. आतून आत्या काहीतरी सांगत होती, ते मी ऐकलं नाही.

नंतर हाडवैद्य पाय बांधत असताना तिनं ते पुन्हा सांगितलं. "दिवसभर माझ्याकडे बघत बसला होता. पाण्यालासुद्धा उठला नाही. त्याच्याकडे बघूनच मी जीव धरला. आणि तू त्याला मारलंस." आम्ही तिघांनी मिळून त्याला जे शिकवलं होतं, तेच त्यानं जिवावर उदार होऊन पाळलं होतं. सोवळ्यातली बाई पडली तर काय करायचं, हे आम्ही कोणीच त्याला शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी परळला गेलो. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मारूच्या आधी हाक मारलंस काय?"

मी होय म्हटलं. तो म्हणाला, "हाक मारून मारूचा नसता, बाबा. आता त्याका कितीव खाऊक घाल, तो इसरूचो नाय."

आत्याची खाट ओटीवर आली. उठून आंघोळ करणं तिला जमत नव्हतं, तिचं सोवळं तिथंच संपलं. ती कुत्र्याला आपल्या हातानं दहीभात भरवू लागली आणि तो निवांत खाऊ लागला. मी जिलबी आणली, मटणाची हाडंसुद्धा आणली आणि आत्याची बोलणी खाल्ली. मी हाक मारली की तो यायचा, शिकलेलं विसरला नव्हता. पण पोट जमिनीला घासत यायचा, पायाशी उताणा पडायचा आणि त्याला लघवी व्हायची. दोन महिने मी रोज प्रयत्न केला. मग हाक मारणं सोडून दिलं.

माझी पावलं वाजली की तो आत्याच्या खाटेखाली शिरतो, असं बायकोनं एकदा सांगितलं. तेव्हापासून वाडीत वळलो की मी मोठ्यानं खोकत असे. मी घरात शिरेपर्यंत त्याला लपायला वेळ मिळावा, म्हणून.