रिकामी शाळा, भरलेली शाळा

माझ्या धाकट्या भावाला आनंद झाला की त्याला जिना पुरत नाही. त्या दिवशी तो पायऱ्या गाळत वर आला, हातात पेचकस तसाच, आणि दारातूनच म्हणाला, "ताई, हिनं बिल वाचलं."

"कुणी?"

"मास्तरीणबाईंनी. आपल्या."

मास्तरीण म्हणजे त्याची मुलगी, माझी भाची. अजून चार वर्षांची व्हायची आहे. सगळ्यांच्या चुका काढते म्हणून हे नाव पडलं, आणि ते मीच पाडलं. भाऊ वजनकाटे दुरुस्त करतो. खाली दुकान, वर घर. दुकानात किराणावाले, भंगारवाले, भाजीवाले आपापले बिघडलेले काटे घेऊन येतात आणि ही बया तिथेच स्टुलावर बसून आकडे बघत मोठी झाली. त्या दिवशी एका किराणावाल्याच्या हातातलं बिल तिनं घेतलं, नुसतं वाचलं नाही, तर खालची बेरीज चुकल्याचं सांगितलं. किराणावाला हसला. मग त्यानं बेरीज करून पाहिली आणि हसायचा थांबला.

झालं. त्या दिवसापासून भाऊ हवेत. बघावं तेव्हा एकच विषय. हिला शाळा पाहिजे, चांगली पाहिजे, हिच्या डोक्याला साजेशी पाहिजे. वहिनी दवाखान्यात परिचारिका आहे, डोकं शांत असलेली बाई, पण तीही जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायची, "खरंच किती हुशार आहे नाही आपली?" मी औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसते, दिवसभर लोकांची आजारपणं ऐकते, तर घरी येऊन हे ऐकायला मलाही गोड वाटायचं. खोटं कशाला बोलू? मीही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

हुशार मुलांसाठी म्हणून गावात एक खास शाळा होती. तिची फी ऐकून भाऊ घरी आला आणि पाणी प्यायला. तो विषय तिथेच संपला. आपल्याला झेपतील अशा जवळपास तीनच बालवाड्या होत्या, त्यातली एक निवडायची.

पण मला आतून एक काळजी लागली होती, ती कुणाला दिसत नव्हती. मास्तरणीला एकही मैत्रीण नव्हती. अंगणात तिच्याएवढी मुलं लपाछपी खेळायची. राज्य असलेला पोरगा डोळे मिटून मोजायचा आणि घाईत मधले आकडे खायचा. ही लपायची सोडून त्याच्यासमोर उभी राहायची आणि त्याला पहिल्यापासून मोजायला लावायची. कोण खेळणार हिच्याशी? ती येताना दिसली की पोरं पांगायची. मग ती वर यायची आणि माझ्या मांडीवर बसून औषधांच्या जाहिराती वाचायची. मोठी माणसं तिला डोक्यावर घेऊन नाचत होती आणि बरोबरीचं कुणी तिला हातसुद्धा लावत नव्हतं. लहानपण जगायच्या आधीच ती बाई होऊन बसेल, याची मला भीती वाटायची.

भाऊ शाळा बघायला निघाला तो रविवारी.

"रविवारी शाळा बंद असतात रे."

"म्हणूनच. काटा आधी रिकामा बघायचा. रिकामा शून्यावर नसेल तर वर माल ठेवून काय कळणार?"

राखणदारांच्या विनवण्या करून त्यानं तिन्ही शाळा आतून पाहिल्या. संध्याकाळी घरी येऊन निकाल दिला. पहिलीला कोंदट वास. दुसरी एका जुन्या गॅरेजमध्ये भरते, तिथली टेबलं डुगडुगतात, फरशी ओली, भिंतीवर हातांचे डाग. आणि तिसरी! तिसऱ्या शाळेबद्दल बोलताना त्याचे डोळे चमकत होते. छतापर्यंत पुस्तकं, एका रांगेत खुर्च्या, काचा लख्ख, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

"अरे, रिकामी होती म्हणून शांत होती."

"ताई, तुला ना, काही पटतच नाही. उद्या प्रवेश घेऊन टाकतो."

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी ती योग्य जागी वळली. मी विचारलं, "रिकामा असताना बरोबर शून्य दाखवतो आणि माल ठेवला की खोटं बोलतो, असा काटा तुझ्याकडे कधी येतो का रे?"

त्यानं टेबलावरचं पितळी वजन उचललं, परत ठेवलं.

"येतो," तो म्हणाला. "तसेच जास्त येतात."

सोमवारी वहिनी कामावर होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भाऊ, मी आणि मधे आमचं बोट धरून मास्तरीण, असे आम्ही भरलेल्या शाळा बघायला निघालो. ती रस्ताभर पाट्या वाचत होती. भाऊ मात्र आज पाट्यांकडे बघत नव्हता.

तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका फार गोड बोलल्या. त्यांनी मास्तरणीच्या हातात एक पुस्तक दिलं. ती खडखडा वाचू लागली तशा त्यांनी शेजारच्या वर्गातल्या मिसना बोलावलं, मग दुसऱ्या मिसना. शेवटी तिला वर्गात नेऊन खुर्चीवर उभं केलं आणि सगळ्या मुलांना म्हणाल्या, "बघा, तुमच्याएवढीच आहे." सांगितल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. भावाला आभाळ ठेंगणं झालं. माझंही ऊर भरून आलं, आपलंच लेकरू ते.

"हिला आपण पुढे बसवू," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना शिकवायला मदत होईल."

मास्तरीण खुर्चीवरून उतरली आणि पहिल्या रांगेतल्या मुलीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "तुझ्या डब्यात काय आहे?" त्या मुलीनं आधी मिसकडे पाहिलं. मिसनी ओठावर बोट ठेवलं. मुलीनं मान खाली घातली. मास्तरीण परत आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आत्या, मी वाचलं. आता घरी जायचं?"

बाहेर आल्यावर भाऊ पुढे चालू लागला. मग कोपऱ्यावर स्वतःच वळला, गॅरेजच्या दिशेनं.

त्या शाळेचा आवाज दाराच्या आधी आला. आत चिखलात म्हशी डुंबाव्यात तशी पोरं पाण्यात होती. मधोमध एक मोठी रिकामी टाकी, भोवती पाण्याच्या बादल्या, प्लास्टिकचे मग, गाळण्या, फुटक्या बरण्या. बाह्या वर केलेल्या एक बाई टाकीशी उकिडव्या बसल्या होत्या. "या," त्या म्हणाल्या, "ओले हात आहेत, नमस्कार राहू द्या."

भावानं सवयीनं सुरुवात केली, "आमची मुलगी वाचते. बेरजाही..."

"अरे वा," बाई म्हणाल्या आणि मास्तरणीला विचारलं, "ही टाकी किती मगांनी भरेल गं?"

मास्तरणीनं टाकी पाहिली, बाजूला पडलेला मग पाहिला, आकडा ठणकावून सांगितला. एक बसका आवाज असलेली, पुढचा दात पडलेली मुलगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भरून बघ. नुसतं काय सांगतेस?" आणि तिच्या हातात मग दिला.

दोघी भरू लागल्या. मास्तरीण मोजत होती. तिचा आकडा आला तेव्हा टाकी निम्मीसुद्धा भरली नव्हती.

ही पोरगी आयुष्यात कधी चुकलेली नाही, चुकलीच तर कुणी तिला तसं दाखवून दिलेलं नाही. आता भोकाड पसरणार. भावानं पाऊल पुढे टाकलं, मी त्याचा शर्ट मागून पकडला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

मास्तरीण टाकीत वाकून बघत राहिली. मग तिनं त्या दातपडकीकडे पाहिलं. दातपडकी खो खो हसत होती, आणि हसता हसता तिनं मास्तरणीच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवलं. आमच्या मास्तरणीनं आधी डोळे मिटले. मग अशी हसली, अशी हसली, की मी ते हसणं ओळखलंच नाही. घरात ती असं कधी हसली नव्हती.

"परत," ती म्हणाली. "पण आता मोठ्या मगानं. थांब, आधी दोन्ही मग मोजू."

"मग मग कसा मोजायचा?" दातपडकीनं विचारलं.

"छोट्या मगानं मोठा भरायचा," मास्तरीण म्हणाली. दातपडकीला ते पटलं. तिनं आणखी दोन पोरांना कामाला लावलं. आता चौघं ओरडत होती, आकडे खात होती, पुन्हा सुरू करत होती. एक पोरगा तर सरळ दोन आकडे गाळून गेला. मास्तरणीनं तोंड उघडलं, पण मग तिच्या हातातला भरलेला मग सांडायला लागला आणि ती तिकडे धावली.

बाई हळूच आम्हाला म्हणाल्या, "वाचणारी आहे, चांगलं आहे. पुस्तकं आहेत माझ्याकडे, तिला पुरतील. अवघड प्रश्नही आहेत. पण आधी हिला इथे कुणीतरी लागेल ना?"

भाऊ भिंतीवरच्या हातांच्या डागांकडे बघत होता. मग त्यानं खाली वाकून लेकीला हाक मारली, "चल, निघू या."

ती चिंब भिजली होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "बाबा, तू जा ना," ती म्हणाली. "आमचं चाललंय."

आमचं. आम्हा तिघांना सोडून दुसऱ्या कुणाला धरून ती हा शब्द पहिल्यांदा बोलली होती. मला रडू आवरेना.

"राहू द्या तिला आज," बाई म्हणाल्या. "प्रवेशाचं उद्या बघू."

बाहेर रस्त्यावर आलो तोच वहिनीचा फोन आला. तिला दम निघत नव्हता. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. "काय झालं? तिनं वाचून दाखवलं का? काय म्हणाले ते?"

"इथे काही वाचलं नाही," भाऊ म्हणाला. तो हसत होता. "अगं, तिनं मला घालवून दिलं."