फ्रिजमागची वीतभर जागा

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना सगळी गल्ली 'मास्तर' म्हणायची, आणि तेही कौतुकाने नव्हे. काम दहा मिनिटांचं असलं तरी शिकवणी अर्ध्या तासाची. "फ्रिज थंडी तयार करत नाही हो! आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. त्या जाळीला वारा लागू द्या, भिंतीपासून वीतभर जागा सोडा." लोक माना डोलवायचे, आणि आठ दिवसांत फ्रिज पुन्हा भिंतीला चिकटलेला! एका बाईंनी तर स्वयंपाकघर गार व्हावं म्हणून फ्रिजचं दार दिवसभर उघडं ठेवलं.

"अहो, उलट खोली तापली असेल!"

"हो ना! म्हणून मग वरचं बर्फाच्या कप्प्याचंही दार उघडलं."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

थोरल्या बहिणीशी त्यांचं वेगळंच भांडण चालू होतं. ताई एका खोलीत एकटी राहायची, इन्सुलिन घ्यायची. महिनाभर तिची साखर उतरायचं नाव घेईना. डॉक्टर रागावले होते, आणि मास्तर फोनवर तोंड सोडायचे.

"चोरून गोड खातेस तू!"

"नाही रे, शपथ."

"मग साखर काय आभाळातून पडते?"

आज तिनेच फोन केला. "दूध रोज नासतंय रे. फ्रिज बघतोस का येऊन?"

मास्तर पिशवी आपटतच आत शिरले. फ्रिज भिंतीला टेकलेला! मागची जाळी चटका बसेल इतकी तापलेली, आणि आतली इन्सुलिनची बाटली चक्क गरम. ऐन उन्हाळ्यात महिनाभर अशी राहिलेली इन्सुलिन काय कामाची? बिचारी रोज सुई टोचून घेत होती, तीही फुकट.

"सख्खा भाऊ गावभर घसा फोडतोय, आणि घरात हे! कोणत्या शहाण्याने रेटला हा मागे?"

ताईने भिंतीकडच्या दुसऱ्या, रिकाम्या खाटेकडे बोट दाखवलं. "तूच. तुझ्या पायाला प्लास्टर होतं, इथे राहिलास, खाट मावेना. कुबडी टेकवून खांद्याने रेटलास. मी म्हटलं, अरे, वीतभर जागा? तर म्हणालास, मला शिकवू नकोस."

मास्तर खाटेच्या कडेवर टेकले. पुटपुटले, "मग मी गेल्यावर खाट का नाही काढलीस?"

"पुन्हा कुठे पडलास तर? तुला तरी दुसरं कोण आहे?"

त्यांनी खाट उचलून बाहेर जिन्यात नेऊन ठेवली. फ्रिज पुढे ओढला, मागे वीत टाकून पाहिली.

"चप्पल घाल, ताई. आधी डॉक्टरांकडे, मग नवी बाटली. तू गोड खात नव्हतीस, हे मीच सांगतो त्यांना."

"सांग बाबा. पण खाट काढलीस, आता आजारी पडलास तर झोपशील कुठे?"

"जमिनीवर."