लवचिक

आमच्या शेजारच्या शेतमालकाला कुठल्याशा प्रशिक्षणात एक शब्द सापडला: लवचिक. तेव्हापासून तो दुसरं बोलतच नाही. हवामान बदललं, म्हणून शेतकऱ्यानं लवचिक व्हावं, म्हणे. सोयाबीन पाण्यात सडलं तरी लवचिक, तूर उन्हानं करपली तरी लवचिक. बोलताना उपरण्यानं बुटावरची धूळ झटकत राहतो. त्याला स्वतःला मात्र हे शिकवावं लागलं नाही. सेनगावकडून साहेबांची जीप येताना दिसली की त्याची कंबर आपोआप वाकते.

त्याच्या शेततळ्यावर ‘गावाच्या जनावरांसाठी’ अशी पाटी आहे आणि फाटकाला कुलूप आहे. भर वैशाखात माझ्या शेळ्या जाळीला तोंड लावून उभ्या राहिल्या, तर म्हणाला, “वहिनी, माझ्या उसालाच पाणी पुरून न्हाई राहिलं. हाकला त्यांना.”

परवा तोच माझ्या दारात. “वहिनी, सायेब येऊन राहिले. शेळ्या घेऊन या, पाणी पितानाचा फोटो पाहिजे.”

मी “व्हय” म्हटलं. आधी हापशावरून घागरी वाहून शेळ्यांना पोट तट्ट फुगेपर्यंत पाजलं, मगच तळ्यावर नेल्या. साहेब फोन धरून ताटकळले, पण एकही शेळी पाण्याकडे बघेना. हा कधी चुचकारी, कधी शिंग धरून ओढी. शेवटी माझ्यावरच डाफरला, “काहून पीत न्हाईत ह्या?”

साहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हटलं, “काय करता भाऊ, शेळ्या लवचिक न्हाईत.”