आपल्यातला पाहुणा

काल सकाळी फोनवर मला कुणीतरी सांगितलं, "शिरसाट पाहुणा झाला."

आणि मी हसले.

हे आधी लिहून टाकते. नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

शिरसाटकाका आमच्या मजल्यावरचे. मरोळला आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर.
सहारच्या कार्गो टर्मिनलला लोडर होते. विमानात माल चढवायचा, जाळी ओढून बांधायची, विमान गेलं की पुढचं. कमरेला पट्टा बांधून इतकी वर्षं हेच.

मी पायलटचं लायसन्स घेऊन दोन वर्षं घरी बसले होते. घरातली पहिली ग्रॅज्युएट, बिल्डिंगमधली पहिली पायलट, आणि कामाला कुठे, तर क्लासमध्ये आठवीला गणित शिकवायला.
पॅसेंजर विमानवाल्यांनी तीनदा "पुढच्या वेळी बघू" केलं.

कार्गो एअरलाइनची जागा काकांनीच शोधून सांगितली.

मी तोंड वाकडं केलं. "काका, माल वाहायचा? बिल्डिंगमध्ये आत्ताच म्हणतात, आकाशातला टेम्पो चालवणार."

"टेम्पोच आहे! मग? पॅसेंजरची कटकट किती. चहा दे, पाणी दे, खिडकी दे. माल बोलतो का कधी?"

मग जरा थांबून म्हणाले, "आणि सगळा मालच नसतो गं. कधी पाहुणा असतो."

तेव्हा मला तो शब्द पहिल्यांदा कळला.

बाहेरगावी कुणी वारलं की त्याची पेटी कार्गोनेच घरी जाते. कागदावर तिला वेगळं नाव असतं. पण काकांच्या टोळीत तिला कुणी बॉडी म्हणायचं नाही.
"आज पाहुणा आहे रे" म्हटलं की सगळे हळू व्हायचे. शिव्या बंद. टोप्या काढलेल्या.

त्या पेटीवरची जाळी काका दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे नाहीत. जाळीचा पट्टा स्वतः ओढायचे, बोट घालून बघायचे, आणि शेवटी पेटीवर दोन थापा.
"सांभाळून जा."

"काका, त्याला ऐकू येतं का?"
"त्याला नाही गं. पट्टा ओढणाऱ्याला येतं."

इंटरव्ह्यूमध्ये मला विचारलं, "कार्गोला का यायचंय? पॅसेंजर मिळालं नाही म्हणून?"
मी खरं सांगितलं. "आधी तसंच होतं, सर." आणि मग पाहुण्याचं सांगितलं. मी म्हणाले, मागे सीटवर कुणी नसलं तरी मागे कुणाचं तरी काहीतरी असतंच, हे मला एका लोडरने शिकवलंय.
समोर एक कॅप्टन होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, एवढं आठवतं.

घरी आल्यावर काकांना सगळं सांगितलं. ते लाजलेच.
"माझं नाव कशाला घेतलंस तिथे? वेडी कुठली."
मग दारातून परत वळून म्हणाले, "पण रिझल्ट आधी मला. तुझ्या आईच्या आधी. प्रॉमिस?"

"प्रॉमिस, काका."

काल सकाळी ईमेल आला. फर्स्ट ऑफिसर म्हणून निवड.

आई तीन फुटांवर चपात्या लाटत होती. तिला काही बोलले नाही. जिन्यात जाऊन काकांना फोन लावला.

फोन फ्रान्सिस अंकलनी उचलला. काकांच्या टोळीतले, सहार गावातले.
मी काही ऐकूनच घेतलं नाही. "अंकल, काकांना द्या ना! लवकर!"

"बाळा, शिरसाट पाहुणा झाला."

मी हसले. म्हणाले, "आत्ता कुणाकडे गेले? ड्यूटीवरून परस्पर? जेवायला तरी येतायत ना?"



"बाळा, आपल्यातला पाहुणा."

काका ड्यूटी संपवून बसस्टॉपवर उभे होते. बसले. परत उठलेच नाहीत. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. 'वारला' हा शब्द फ्रान्सिस अंकलच्या तोंडून निघालाच नाही.

मला अजून कळत नाहीये. खरंच कळत नाहीये. त्यांची चप्पल दाराबाहेर तशीच आहे.

दुपारी त्यांना घरी आणलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.
मी काकांच्या कानाशी वाकले.
"काका, लागली नोकरी."

मागे आई उभी होती. माझी नोकरी तिला अशी कळली.
तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्रिसरण झालं. खाली शववाहिनी आली. बिल्डिंगमधली मुलं घाईत होती, गाडीने रस्ता अडला होता, मागून हॉर्न. काकांना आत सरकवलं आणि एक जण दार लावायला गेला.

स्ट्रेचरचा पट्टा सैल होता.

मी ओरडलेच, "थांबा! पाहुणा आहे!"

कुणाला काही कळलं नाही. फक्त फ्रान्सिस अंकलनी टोपी काढली आणि पट्ट्याचं दुसरं टोक धरलं.
आम्ही दोघांनी ओढला. मी बोट घालून बघितलं.

मग दोन थापा मारल्या.

तोंडातून शब्द काही फुटला नाही, काका. तेवढं राहिलं. म्हणून इथे लिहितेय.

पट्टा घट्ट आहे. मी स्वतः बघितलाय.
सांभाळून जा.

जय भीम, काका.