सिलिकॉनच्या पानावरची अक्षरे

रहिमतपूरहून बदली होऊन मी पलूसच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा बंडगर सर नववीला विज्ञान शिकवत होते. फळ्याच्या मधोमध इंग्रजीत ‘सिलिकॉन’ आणि भोवती चिप, वेफर, व्हॅली, कार्बाइड. ‘‘इंग्रजी शब्द सुटा पाठ करायचा न्हाई. त्याची ऊठबस कुणाबरोबर हाय ते बघायचं,’’ असे ते मुलांना सांगत. इंग्रजीचा शिक्षक मी. विज्ञानवाल्यांनी माझ्या प्रांतात पाय टाकावा याचा मला रागच आला.

पुढे राग गेला आणि हाव सुटली. मासिके, माहितीपत्रके चाळून सरांनी वीसेक वर्षे अशा शब्दजोड्या एका जाड वहीत जमवल्या होत्या. ‘सिलिकॉन वेफर’पुढे लिहिले होते : बटाट्याचा नव्हे, चिप ज्यावर घडवतात ती पातळ चकती. आठवड्यासाठी म्हणून मी वही मागितली. सरांनी नवे कव्हर घालून दिली. मी ती जशीच्या तशी उतरवून सांगलीत पुस्तक छापून घेतले, माझ्या एकट्याच्या नावाने. खोटे कशाला बोलू?

काही जोड्यांपुढे ‘सु. ल.’, ‘म. पा.’ अशी अक्षरे होती. मला वाटले, संदर्भग्रंथांची नावे असतील. मी मोठा शहाणा! तीही छापली, वर प्रस्तावनेत ‘अनेक कोशांचा आधार घेतला’ असे ठोकून दिले.

प्रकाशनाला सरांची जुनी विद्यार्थिनी सुनीता लवटे आली होती. ती बंगळुरूला चिपच्या कंपनीत असते. पुस्तक चाळताना एका पानावर थांबून ती सरांना म्हणाली, ‘‘सर, वेफरला मी अडले होते. परत समजवायचं म्हणून तुमी माझ्या नावाची अक्षरं वहीत लिहिली होती, तीच ही.’’

ती सगळी अक्षरे अडलेल्या मुलांची होती. माझ्या खांद्यावर शाल होती आणि मान वर होत नव्हती. सर हळूच म्हणाले, ‘‘असू दे गं. पोरांच्या हातात गेलं न्हवं?’’ मला मात्र छपाई झकास झाल्याचे सांगितले. त्याच वर्षी मी आजारी पडलो, तेव्हा माझे तास महिनाभर त्यांनीच घेतले. आजारापेक्षा त्याचाच त्रास मला जास्त झाला.

आज त्यांच्या साठीनिमित्त ही लाज चारचौघांत सांगतो आहे. नवी आवृत्ती सरांच्याच नावाने निघते आहे. परवा माफी मागायला गेलो, तर वहिनींना चहा टाकायला सांगून त्यांनी विषयच बदलला.

सरांना निरोगी शतायुष्य लाभो. उरलेल्या चाळीस वर्षांत त्यांनी एकदा तरी मला खरपूस रागवावे, एवढीच मी वाट पाहतो आहे.