सातपैकी पाच

आमच्या मंगरूळपीरच्या शेटजींना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "म्हंजे कितीपैकी?" नव्या डॉक्टरने दोन रोगी बरे केले म्हटलं, तरी "कितीपैकी?" कापडाच्या दुकानात गादी होती, पण तिच्यावर टेकलेले ते फारसे कुणी पाहिले नाहीत. लुगडं दाखवता दाखवता रस्त्यावर येत, एसटी आली का बघत, पुन्हा आत जात. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

बायको लवकर गेली, तेव्हा मुलगी लहान होती. शेटजींच्या मूलबाळ नसलेल्या बहिणीने तिला आपल्याकडे नेलं. बहिणीच्या यजमानांची पुढे जिनिव्हाला बदली झाली आणि मंगरूळपीरची पोर तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिकू लागली. कधीमधी उन्हाळ्यात येई. शेटजी तिच्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी हायस्कुलात गणित शिकवत होतो. एकदा भर तासाला शेटजी वर्गात शिरले. हातात मुलीच्या तिथल्या शाळेतल्या शेवटच्या, पदविका परीक्षेचा निकाल.

"मास्तर, पोरगी नापास झाली! फिजिक्समंदी पाच, गणितात सहा!"

कागद वाचून मला हसू आलं.

"हासून काहून राह्यले जी?"

"शेटजी, हे सातपैकी आहेत. सहा विषय, प्रत्येकात जास्तीत जास्त सात. वर निबंधाबिबंधाचे तीन. पंचेचाळीसपैकी तिला तेहतीस आहेत. चोवीसला पास."

ते दारापर्यंत गेले, परत आले. "मंग टक्के किती?"

मी फळ्यावर भागाकार केला. त्र्याहत्तर. त्या संध्याकाळी सगळ्या पेठेला पेढे मिळाले.

मुलीला मात्र इकडे परतून डॉक्टर व्हायचं होतं. शेटजी निकाल घेऊन नागपूरच्या कॉलेजात गेले. तिथले कारकून म्हणाले, आम्हाला टक्के लागतात, आणि ते मास्तरांनी काढलेले चालत नाहीत. आधी विद्यापीठाकडून समकक्षतेचा दाखला आणा. शेटजी नागपूरला जात, परत येत, घरी जेवण निवत ठेवून पुन्हा निघत.

तेवढ्यात मुलगी आली. दुकानातच तिने माझा भागाकार ऐकला.

"सर, असे टक्के काढत नाहीत. सात म्हणजे शंभर टक्के नव्हे. सात म्हणजे उत्तम, पाच चांगलं, चार ठीक. तो विषय कितपत येतो, तेवढंच त्यातून कळतं."

शेटजी येरझारा घालत ऐकत होते. एकदम थांबून हसत म्हणाले, "बरं, बाप म्हनून मले किती देशील?"

ती हसली नाही.

"तो विषय मला होता कुठे, बाबा?"

शेटजी गादीवर बसले. गिऱ्हाईक आलं, कापड न्याहाळून निघून गेलं, तरी ते उठले नाहीत. मीही चहा अर्धा टाकून निघालो.

दाखला मिळाला तोवर प्रवेश संपले होते. आत्याने तिला परत बोलावलं. ती म्हणाली, "वर्षभर इथेच राहते."

त्या वर्षी बापलेक खूप भांडले. दुकान झाडण्यावरून, जेवणाच्या वेळेवरून, तिच्या एकटीने फिरण्यावरून. एके सकाळी शेटजी माझ्या घरी धावत आले. मला वाटलं, आता काय झालं!

"मास्तर, तिले वांगं आवडतच नाही! मले मालूमच नव्हतं!" पेढे वाटतानाही त्यांचा चेहरा असा फुलला नव्हता.

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. सकाळच्या एसटीत तिला बसवायला मीही गेलो होतो. गाडी हलली तरी शेटजींनी खिडकीचा गज सोडला नाही.

"बाबा, हात सोडा, पडाल!" ती ओरडली. "दिवाळीला येते ना मी!"

त्यांनी गज सोडला.

ती डॉक्टर होण्याआधीच शेटजी गेले. दुकान पुतण्याने विकलं. मला ते आठवतात त्या सकाळचे. गाडी कारंजाच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली होती, मी मागून हाका मारत होतो, आणि धुळीतून ते तसेच पुढे चालत निघाले होते.