यंत्रमागांमधला साम्राज्यवाद

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापुरात कुणाला साम्राज्यवाद समजून घ्यायचा असेल, तर त्याने पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात आठवडी सुटीच्या दिवशी संध्याकाळी यावं, अशी सोय पक्षाने केली होती. समजावून सांगायला मी असे. त्यामुळे तो फारसा कुणाला समजला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवणारा पंचविशीतला मास्तर. पक्षात नुकताच आलो होतो, आणि नुकत्याच आलेल्या माणसाकडे असतं तेवढं सगळं ज्ञान माझ्याकडे होतं. शाळेतला जगाचा नकाशा सायकलच्या दांडीला बांधून न्यायचा, मागाच्या चौकटीला टांगायचा आणि पट्टीने दाखवत सुटायचं: इथून कच्चा माल निघतो, इथे नफा साठतो, इथे भांडवलाला घर अपुरं पडतं, आणि मग इथे, व्हिएतनामात, बॉम्ब पडतात. समोर बंद मागांच्या बोळकांडीत पंधरावीस विणकर आणि सुताच्या कांड्या भरणाऱ्या काही बाया बसत. घरी तेलुगू, बाजारात मराठी, आणि माझ्यासमोर गप्प.

म्हणजे अगदी गप्प नव्हे. मी बोलायला लागलो की त्यांचे ओठ हलत. 'मक्तेदार भांडवलाला स्वदेशी बाजारपेठ अपुरी पडते' म्हटलं, की या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज न करता ओठ हलत. मधूनच कुणाची बोटं हलत, कुणाची भुवई वर जाई. मला भरून यायचं. माझ्या शाळेतली पोरं भारताच्या नद्यासुद्धा पाठ करत नव्हती, आणि इथे कष्टकरी माणसं माझं वाक्य न् वाक्य मनात घोळवत होती!

हे मी पक्षाच्या बैठकीत सांगितलंसुद्धा. बैठकीत मुळात चर्चा वेगळी चालली होती. रॉकेलला रांगा लागल्यात, बोनसचा प्रश्न पेटलाय, आणि हा पोरगा नकाशा घेऊन कुठे हिंडतो? वर्ग बंद करा, मास्तरला पोस्टर चिकटवायला घ्या, असं बहुतेकांचं मत होतं. मी उभा राहून म्हणालो, "कामगार माझे शब्द ओठांनी घोळवतात. डोळ्यांनी पाहिलंय मी."

आमचे दादा, म्हणजे पक्षातले सगळ्यात जुने, ऐन तारुण्यात गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, घाम गाळलेले, त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "ओठांनी?"

"ओठांनी, दादा."

"बरं. मग मीच येतो बघायला. कामगारांना चार गोष्टी इचारतो. आल्या तर वर्ग ऱ्हाईल, न्हाई तर पोस्टर."

मला पोस्टर नको होतं. खरं सांगायचं तर मला वर्गसुद्धा फक्त क्रांतीसाठी नको होता. खोलीवर परतल्यावर बोलायला भिंती होत्या. इथे मी सायकल लावली, की एक पोक्त विणकर, त्यांना सगळे मामा म्हणत, हाताने बाक पुसून म्हणायचे, "बसा की सर, दमला आसाल." असं म्हणणारं त्या शहरात मला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून आदल्या सुटीच्या दिवशी मी लाज सोडून वर्गाला सांगून टाकलं, "पुढच्या वेळी दादा येणार. नीट उत्तरं द्या, नाहीतर माझं काही खरं नाही." सगळे गंभीर झाले. ओठ हलले.

दादा आले, नकाशाशेजारी स्टूल घेऊन बसले. मी त्या दिवशी आफ्रिका घेतली होती. युरोपातल्या एका शहरात बड्या सत्ता टेबलाभोवती कशा बसल्या, नकाशावर रेघा ओढून आख्खा खंड कसा वाटून घेतला, आणि ज्यांची वाटणी चालली होती त्यांना टेबलापाशी खुर्ची तर सोडाच, खबरसुद्धा कशी नव्हती, हे मी हात नाचवून सांगितलं.

मग दादांनी थेट मामांना उठवलं. "सांगा, साम्राज्यवाद म्हंजे काय?"

मामा छताकडे बघत राहिले. मग त्यांची नजर हळूच दादांच्या मागे, कांड्या भरणाऱ्या अक्कांकडे गेली आणि ते घडाघडा बोलू लागले, "भांडवल... परदेशी... नेऊन... तिथली माणसं राबवून..." मी मनात म्हटलं, जिंकलो! दुसऱ्याला विचारलं, तोही आधी अक्कांकडे बघून बोलला. तिसऱ्याच्या वेळी दादांनी प्रश्न विचारता विचारता स्टुलावरच गर्रकन मान वळवली. अक्कांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

कॉपी! आख्खा वर्ग सामूहिक कॉपी करत होता.

आणि मग दादांचे ओठ हलले. आवाज नाही. अक्कांचे हलले. मामांनी दोन बोटं नाचवली, दादांनी छातीवर हात ठेवला, मागच्या रांगेतून कुणीतरी काहीतरी म्हटलं आणि सगळे एकदम हसले, तेवढंच काय ते ऐकू आलं. मी पट्टी हातात धरून उभा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चालू मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं ही. तिथे ओरडून कानाशी बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ओठ वाचून, बोटांनी खुणा करून बोलतात, आणि सवय एवढी की सुटीच्या दिवशीही सुटत नाही. मी बापडा येत होतो तो नेमका माग बंद असताना. मला हे कळणार कुठून? इतके महिने ते माझी वाक्यं घोळवत नव्हते; कान माझ्याकडे असतीलही, पण ओठांनी माझ्यासमोर बसून निवांत गप्पा हाणत होते.

आता त्यांची परिषद रंगात आली होती. विषय मी होतो, एवढं सारखं माझ्याकडे वळणाऱ्या माना बघून कळत होतं. माझा निकाल माझ्यासमोर लागत होता, आणि मला खुर्चीही नव्हती नि खबरही नव्हती. आफ्रिकेवर एवढं बोललो, पण आफ्रिकेला कसं वाटलं असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"दादा, काय चाललंय?"

"गप. तुझंच चाललंय." दादा डोळे पुसत म्हणाले. "ही म्हनतेत, सरांचं लई लांबतंय, पर मानूस चांगला हाय, वर्ग बंद करू नगा. आन् गेल्या म्हैन्यापास्नं ह्यांचं एक भांडन चाललंय, तुला एक सवाल इचारायचा का न्हाई म्हनून. तुला उत्तर आलं न्हाई तर तुला वाईट वाटंल म्हनत्यात."

"विचारा की!" मी म्हणालो.

मामा उठले. या वेळी कुणाकडेही न बघता. "सर, मागच्या लढाईच्या टायमाला जवानांसाटी जाड्या चादरीला लई मागनी हुती. माग थांबत न्हवते. पोरीचं लगीन त्याच वर्षी केलं मी. आता तुमी म्हनता, लढाया भांडवलवाले लावत्यात, गरीब मरत्यात. पटतंय. मग त्या लढाईत माज्या घरात आलं त्ये काय म्हनायचं? मी कुनाच्या बाजूला?"

माझ्याकडे या प्रश्नाला जुळणारी तीन वाक्यं तयार होती. तिन्हींत 'अंतर्विरोध' हा शब्द होता. मी मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती गिळली. "मामा, मला सांगता येत नाही. तुम्ही लढाई लावली नाहीत, एवढं नक्की. बाकीचं आपण बसून बघू. तुमचं सूत कुठून येतं, चादर कुठे जाते, मधे कोण किती खातं, तिथून सुरू करू."

दादा उठले, धोतर झटकलं. "ज्या वर्गात असला सवाल हाय, तो बंद करनारा मी कोन? चालू द्या. पर मास्तर, एक अट. हितून फुडं रोज शाळा सुटल्यावर घटकाभर चालू मागांत हुबं ऱ्हायचं. बोलायचं न्हाई. बघायचं."

उभा राहिलो. पहिले काही दिवस कान बधिर आणि डोकं त्याहून बधिर. अक्का मला लहान मुलाला शिकवावं तसं सावकाश ओठ हलवून दाखवायच्या, आधी मराठीत, मग तेलुगूत: पाणी, भूक, मालक आला. 'वित्तभांडवल' काही केल्या ओठांवरून वाचता येईना, बोटांनीही दाखवता येईना. मग मी ते व्याख्यानातूनही काढून टाकलं. नुकसान काही झालं नाही.

आणि एका संध्याकाळी, सगळे माग धडधडत असताना, कुणाच्याही मदतीशिवाय मी माझं पहिलं आख्खं वाक्य वाचलं. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. मामा पलीकडच्या मागावरच्या गड्याला सांगत होते:

"जपून बोल रं बाबा, सरांना आता कळाय लागलंय."